अहिराणी बोलणाऱ्या जिभेला जर्मन येईल का?

ताई,

तुमचं पत्र सकाळी वाचलं आणि दुपारी परत काढून वाचलं. तुमचं वय ३८, धुळ्याच्या एका दवाखान्यात १४ वर्षांपासून नर्स, माहेर शिरपूरकडचं, घरात अहिराणी. जर्मनीला जायचं म्हणून तीन महिने ऑनलाइन क्लास करून जर्मनच्या ए-१ची, म्हणजे पहिल्या पायरीची, परीक्षा दिलीत. वाचन-लेखन बरं गेलं, ऐकण्यात आणि बोलण्यात गुण गेले. त्यात शिकवणाऱ्या बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, तुमचा गावठी हेल आधी घालवा, मग जर्मन बोला. आता तुम्ही विचारता: वय निघून गेलं का? अहिराणीचा हेल आड येतो का? आणि ही भाषा कानाला सारखी भांडल्यासारखी का वाटते, ती कधी आपलीशी वाटेल का?

मी जळगावात २१ वर्षं जर्मन शिकवते. स्वतः २९व्या वर्षी शिकायला लागले, माहेर अमळनेरचं, घरी अहिराणीच. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्या दोन्हींची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत.

जर्मन भांडल्यासारखी वाटते याला कारणं आहेत आणि ती नीट सांगता येतात. आपण मराठी बोलताना शब्द एकमेकांत ओततो. ‘घरी आला आहे’ म्हणताना मध्ये कुठे खटका नसतो. जर्मनमध्ये स्वरानं सुरू होणाऱ्या शब्दाच्या आधी घसा क्षणभर बंद होऊन उघडतो. ‘आइन आल्टर आप्फेल’ म्हणजे एक जुनं सफरचंद. यात तीन ठिकाणी घशाची कडी पडते आणि निघते. तो तुटकपणा आपल्या कानाला रागासारखा लागतो, कारण आपल्याकडे माणूस चिडला की असं तोडून बोलतो. दुसरं म्हणजे व्यंजनांची गर्दी. शरद ऋतूला ‘हेर्ब्स्ट’, पायमोज्याला ‘श्ट्रुम्फ’. आपल्याकडे जोडाक्षर आलं की जीभ मध्ये एखादा स्वर घालून घेते, स्टेशनचं इस्टेशन करते, नाहीतर पहिलं अक्षर टाकून टेसन म्हणते. तिसरं, शब्दाच्या शेवटचे मऊ व्यंजन तिथे कडक होतात. कुत्र्याला लिहितात ‘हुन्ड’, म्हणतात ‘हुन्ट’. दिवसाला लिहितात ‘टाग’, म्हणतात ‘टाक’. प्रत्येक शब्दाच्या टोकाला एक छोटा ठोका बसतो.

हे झालं भाषेतलं. उरलेलं सगळं आपल्या डोक्यातलं आहे. आपण जर्मन पहिल्यांदा ऐकतो ती युद्धाच्या सिनेमात, गणवेशातला माणूस ओरडताना. कुठलीही भाषा ओरडतानाच ऐकली तर कडूच वाटणार. बाजारच्या दिवशी बैलाच्या सौद्यावरून चाललेली अहिराणी एखाद्यानं आयुष्यात पहिल्यांदा ऐकली, तर तो काय समजेल?

मी ट्युबिंगेनला होते तेव्हा एका आजीबाईंच्या घरी भाड्यानं खोली घेतली होती. नेकार नदीकाठचं ते गाव, दक्षिणेकडच्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यातलं. पहिले पंधरा दिवस त्या काही बोलल्या की मला वाटायचं, आपलं काही चुकलं. मग एका संध्याकाळी त्यांचा नातू गुडघा फोडून घेऊन आला. बाईंनी त्याला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं, ओल्या फडक्यानं जखम पुसली आणि त्याच्याशी अगदी खालच्या आवाजात बोलत राहिल्या. दर दोन वाक्यांमागे ‘शेट्सले’ म्हणायच्या. ‘शात्स’ म्हणजे ठेवा, खजिना. त्याला तिकडचा लाडाचा ‘ले’ लावला की ‘शेट्सले’. घराला ‘हाउस’, लहानशा घराला ‘हॉयस्ले’. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. अर्थानं त्या ‘ले’चा आपल्या अहिराणीतल्या ‘माले-तुले’शी, म्हणजे मला-तुलाशी, काही संबंध नाही, पण कानाला तो इतका ओळखीचा वाटला की मला माझी आई आठवली. माझ्या लहानपणी अहिराणीतून समजूत घालताना तिचा आवाज असाच खाली यायचा. त्या दिवसानंतर मला जर्मन कठोर वाटली नाही. तेव्हा व्याकरण होतं तेवढंच होतं, पण कान उघडला होता.

म्हणून तुम्हाला पहिलं काम सांगते: जर्मन माणसं लहान मुलांशी, आजाऱ्यांशी, म्हाताऱ्यांशी बोलतात ते ऐका. भाषणं नकोत, गाणीही सुरुवातीला नकोत. तुम्ही नर्स आहात, रुग्णाशी बोलण्याचा आवाज तुम्हाला कुठल्याही भाषेत ओळखता येईल. तिथून आत शिरा.

आता वय. यावर लोक दोन टोकांची उत्तरं देतात आणि दोन्ही चुकीची आहेत. लहान मुलांचा उच्चार शेवटी जास्त साफ होतो, हे खरं. पण सुरुवातीला मोठा माणूस मुलापेक्षा भराभर शिकतो, कारण त्याला नियम कळतो, तुलना करता येते, वहीत लिहून ठेवता येतं. मोठ्यांचा खरा अडसर कानात असतो. १९८४ साली कॅनडात जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या दोघांनी तान्ह्या बाळांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी वापरले हिंदीतले त आणि ट. आपल्याला यात काय अवघड आहे असं वाटेल, पण इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या मोठ्या माणसांना या दोन्हींतला फरक सहसा ऐकूच येत नाही. त्याच घरांतली सहा-आठ महिन्यांची बाळं मात्र तो ओळखत होती, आणि वर्षाची होता होता बहुतेकांचं ते ओळखणं गेलं होतं. घरात जो फरक कामाचा नाही तो कान सोडून देतो.

म्हणजे तुमचा-माझा कान आपण पाळण्यात असतानाच अहिराणी-मराठीचा झाला. त्याला सोडलेलं परत शिकवता येतं का? येतं. जपानी प्रौढांना इंग्रजीतले र आणि ल वेगळे ऐकू येत नाहीत, त्यांच्यावर या प्रकारचे प्रयोग झाले आहेत. त्यातून दिसलं की एकाच शिक्षकाच्या आवाजापेक्षा अनेक माणसांच्या आवाजात त्याच जोड्या ऐकवल्या आणि लगेच बरोबर-चूक सांगितलं, तर कान सुधारतो. तुमचं ऐकण्यात गेलं यात मला नवल वाटत नाही. तीन महिने तुम्ही एकाच बाईंचा आवाज ऐकलात, तोही मोबाइलच्या स्पीकरमधून.

माझ्याकडे रावेरचा एक मुलगा यायचा, वेल्डर, घरची केळीची बाग. तो केळीला ‘केयी’ म्हणायचा, डोळ्याला ‘डोया’, आणि वर्गात बोलायला लाजायचा. त्याला ‘श्टाट’ आणि ‘श्टाऽट’ सारखेच ऐकू यायचे. पहिल्याचा अर्थ शहर, दुसऱ्याचा राज्य, देश. फरक फक्त आ किती वेळ धरला याचा. आपण मराठीत ऱ्हस्व-दीर्घ लिहिण्यापुरते शिकतो. बोलताना ‘पाणि’ म्हटलं काय नि ‘पाणी’ म्हटलं काय, पाणीच मिळतं. जर्मनमध्ये ‘ओऽफेन’ म्हणजे भट्टी आणि ‘ओफेन’ म्हणजे उघडं. ‘बीटेन’ म्हणजे देऊ करणं, ‘बिटेन’ म्हणजे विनंती करणं. मी त्याला टेबलावर बोट ठेवायला सांगितलं. स्वर लांब असेल तोवर बोट टेबलावरून ओढत न्यायचं, आखूड असेल तर टिचकी मारायची. मी बोलायची नाही, रेकॉर्ड केलेले सहा-सात वेगवेगळे आवाज लावायचे. पहिल्या आठवड्यात वीसपैकी दहा-अकरा बरोबर, म्हणजे नुसता अंदाज. चौथ्या आठवड्यात अठरा. मग एक दिवस तो स्वतःहून म्हणाला, मॅडम, आता माझं बोटच आधी हलतं. लिहायला, बोलायला काही सांगितलं नव्हतं, तरी त्याचे उच्चार आपोआप सुधारले. आधी कान तयार होतो, जीभ त्याच्या मागून येते, हे मी तेव्हापासून मानते आणि माझे पहिले सहा आठवडे त्यावरच जातात. पालक तक्रार करतात की पुस्तक पुढे सरकत नाही. मी सरकवत नाही.

जिभेचं काम तुम्हाला वाटतं तेवढं मोठं नाही. मराठीनं तुम्हाला बरंच काही आयतं दिलंय. जर्मन लिपीत ‘झेड’ दिसला की त्याचा उच्चार चाक-चमच्यातला च, ‘त्स’. दात म्हणजे ‘त्सान’, वेळ म्हणजे ‘त्साइट’. चार आणि चाक यांतले दोन च आपण कधीपासून वेगळे म्हणतो, हिंदीवाल्याला मात्र हा मुद्दाम शिकावा लागतो. शब्दाच्या सुरुवातीचा ‘एस’ पुढे स्वर असेल तर ‘जरा’मधल्या ज सारखा, फक्त जीभ दातांना टेकवायची नाही. ‘मुटर’ म्हणजे आई, पण शेवटी र नाहीच, आपला साधा अ आहे: ‘मुटअ’. हा अ आपल्याला फुकट मिळालेला आहे. घशातला ‘आख’मधला ख तुम्ही उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडून ‘ख़बर’ म्हणताना रोज ऐकला असेल, तोच. र तुम्हाला घशातून काढता आला नाही तर काढू नका. दक्षिण जर्मनीत जिभेचा र म्हणणारे कितीतरी आहेत.

खरी मेहनत दोन-तीन ठिकाणी आहे. पहिली ‘ऊ’वर दोन टिंब असलेल्या स्वराची. पर्समधला छोटा आरसा काढा. ‘ई’ म्हणा आणि लांबवत राहा. जीभ हलवू नका. आता आवाज न थांबवता फक्त ओठ ‘ऊ’सारखे गोल करा. जो काही विचित्र आवाज निघेल तोच हवा आहे. बहुतेकांची जीभ ओठांबरोबर मागे पळते आणि साधा ऊ होतो. म्हणून गोल झालेले ओठ परत ताणून बघा: ‘ई’ जशीच्या तशी परत आली तर जीभ जागेवर होती. ‘ए’ म्हणत ओठ ‘ओ’सारखे केले की दुसरा स्वर मिळतो. ‘शोन’ म्हणजे आधीच, आणि त्या दुसऱ्या स्वरानं म्हटलं की सुंदर. दिवसातून तीनदा, दोन-दोन मिनिटं, पण आरशाशिवाय नको.

दुसरी जागा क, ट, प यांची, आणि हिचा फटका मी स्वतः खाल्ला आहे. आपल्याकडे क वेगळा, ख वेगळा. जर्मन शब्दाच्या सुरुवातीचा क या दोघांच्या मध्ये असतो, त्यात हवा असते. आपण आपला कोरडा क म्हटला की जर्मन कान त्याला ग समजतो. नाटकाच्या खिडकीवर मी दोन ‘कार्टेन’, म्हणजे दोन तिकिटं मागितली. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, कुठली बाग? ‘गार्टेन’ म्हणजे बाग. मी परत म्हटलं, त्यांनी परत विचारलं, मागे रांग वाढत होती. शेवटी मी दोन बोटं दाखवली. तेव्हा माझ्या हातात चांगल्या गुणांचं प्रमाणपत्र होतं, आणि इतक्या वर्षांत कुणी मला क मध्ये हवा सोडायला सांगितलं नव्हतं. तुम्ही ओठांसमोर कागदाची पातळ पट्टी धरा. ‘काका’ म्हणताना ती हलत नाही, ‘खाखा’ म्हणताना उडते. ‘कार्टेन’ म्हणताना थोडीशी थरथरली पाहिजे. तिकडे रुग्णाला गोळी देताना, पट्टी बांधताना असे गैरसमज परवडणार नाहीत.

तिसरी जागा म्हणजे हेल. त्या बाईंचं बोलणं तुमच्या मनाला लागलंय. मला ते चूक वाटतं, आणि विषयाच्या अंगानंही चूक आहे.

हेल म्हणजे वाक्याची चाल. प्रत्येक भाषेला ती असते. पुण्याच्या मराठीला आहे, मालवणीला आहे, अहिराणीला आहे. पुण्याची चाल पुस्तकात छापली गेली म्हणून तिला कुणी हेल म्हणत नाही, इतकंच. जर्मन बोलताना अहिराणीची चाल जशी उतरते तशीच पुण्याची पण उतरते, आणि जर्मन माणसाला दोन्ही सारख्याच परक्या. अहिराणी घालवून जर्मन आणायची नसते. जर्मनची चाल वेगळी शिकायची असते, आणि ही सवय तुम्हाला लहानपणापासून आहे. घरी ‘काय करी ऱ्हायनी वं?’ आणि शाळेत बाईंसमोर ‘काय करते आहेस?’ ही अदलाबदल तुम्ही पहिलीत असल्यापासून करत आलात. आपल्या खान्देशात ती प्रत्येकाला करावी लागते. भुसावळच्या फलाटावर अर्धा तास बसा, लेवा बोली, अहिराणी, बंजाऱ्यांची गोरमाटी, निमाडी, उर्दू कानावरून जातात. नवापूरचं स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिथल्या चहावाल्याला गिऱ्हाईक बदललं की चाल बदलावी लागते. आपली भाषा कुठं बसते यावर तर मोठमोठे अडखळले. इंग्रजांच्या काळातल्या ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणात खान्देशी, म्हणजे आपली अहिराणी, भिल्ली भाषांसोबत छापली आहे, मराठीच्या खंडात नाही. अशा सीमेवरच्या माणसाचा कान एकाच बोलीत वाढलेल्यापेक्षा जास्त चपळ असतो, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

जर्मन चालीचं मर्म आघातात आहे. मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण सारख्या वजनानं म्हणतो. जर्मनमध्ये शब्दातल्या एका अक्षरावर जोर येतो आणि बाकीची गिळली जातात. जोर कुठे, यावर अर्थ फिरतो. ‘उम्फारेन’ हा शब्द घ्या. जोर ‘उम’वर दिला तर गाडीनं ठोकून आडवं पाडणं, ‘फा’वर दिला तर वळसा घालून जाणं. रस्त्यात उभ्या माणसाबद्दल हे बोलत असाल तर दोन्हींत केवढं अंतर आहे बघा. म्हणून नवीन वाक्य शिकताना आधी शब्द बोलूच नका. तोंड मिटून नुसतं गुणगुणा, ऐकलेली चाल नाकातून काढा, जोर येईल तिथे मांडीवर हात मारा. तीनदा जमलं की मग शब्द घाला. पहिल्यांदा लाज वाटेल. घरात एकट्या असताना करा, पण करा.

आता तुमच्या कामाची गोष्ट सांगते, जी त्या क्लासमध्ये बहुतेक सांगितली नसावी. जर्मन व्याकरण आपल्याला इंग्रजीतून शिकवतात आणि तिथेच घोटाळा होतो. इंग्रजीत नाही ते सगळं अवघड म्हणून सांगतात, आणि त्यातलं निम्मं मराठीत आधीच आहे. तुमच्यासमोर रुग्ण झोपलाय. त्याला थंडी वाजते. इंग्रजीत तो ‘मी थंड आहे’ अशा थाटात बोलतो. जर्मन म्हणतो, ‘मीअ इस्ट काल्ट’. ‘मीअ’ म्हणजे मला. आपण म्हणतो मला थंडी वाजते, अहिराणीत माले थंडी वाजी ऱ्हायनी. ‘मीअ इस्ट श्विंडेलिश’: मला चक्कर येते, माले चक्कर यी ऱ्हायनी. ‘मीअ इस्ट श्लेष्ट’: मला मळमळतं. ‘श्लेष्ट’चा शब्दकोशातला पहिला अर्थ वाईट असा आहे. इंग्रजीतून विचार करणारी नर्स त्याच्या शेजारी बसून त्याची समजूत घालेल, आणि तुम्ही ‘मला काहीतरी होतंय’ हे ऐकून भांडं पुढे धराल. हे अनुभव चतुर्थीत सांगायचे ही रीत दोन्ही भाषांत आहे. आवडणं पण तसंच: ‘दास गेफेल्ट मीअ’, ते मला आवडतं. मात्र भूक लागली की जर्मन ‘माझ्याकडे भूक आहे’ म्हणतो, तेवढं वेगळं लक्षात ठेवा.

लिंगांचंही तसंच. तो, ती, ते आपल्याकडे आहेत, ‘डेअर, डी, दास’ त्यांच्याकडे. वस्तूंची लिंगं जुळत नाहीत, ती पाठच करावी लागतील: चमचा तो तर तिकडेही तो, पण काटा ती आणि सुरी ते. सूर्य तिकडे ती आहे. मुलीला ‘दास मेड्शेन’, म्हणजे ते, यावर सगळे हसतात. मराठी माणसानं हसू नये. लहानपणा दाखवायचा ‘शेन’ लागला की शब्द नपुंसकलिंगी होतो, आणि आपल्याकडे लेकरू ते, वासरू ते, कोकरू ते, पाखरू ते. लांबलचक शब्दांनाही भिऊ नका, ते समास आहेत. ‘क्रांकेनहाउस’ म्हणजे आजाऱ्यांचं घर, आणि रुग्णालय म्हणजे तरी काय? शेवटचा शब्द ज्या लिंगाचा, त्याच लिंगाचा सगळा समास, दोन्हीकडे. हातमोज्याला ते हाताचा जोडा म्हणतात, ‘हान्टशू’. आकडेही आपल्यासारखेच उलटे: पंचवीस म्हणजे ‘फ्युन्फ-उन्ट-त्स्वान्त्सिश’, पाच आणि वीस. इंग्रजी माध्यमाची मुलं इथे २५ ऐकून ५२ लिहितात. मराठीत पाढे म्हटलेल्यांना ते पटकन पचतं. औषधाच्या मात्रा लिहिताना हे फार उपयोगाला येतं. ‘कारण’ लावून वाक्य केलं की क्रियापद शेवटी जातं: ‘वाइल इश म्युडे बिन’, शब्दाला शब्द ‘कारण मी थकलेली आहे’. ‘इश’मधला श मात्र आपला श नाही. ‘ही’ म्हणायला ओठ ताणा, आवाज न काढता नुसती हवा सोडा, तो आहे.

तुम्ही लिहिलंय की बाडेन-व्युर्टेम्बेर्गकडे जायचा विचार आहे. २०२४ साली महाराष्ट्र सरकारनं त्या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून माझ्याकडे येणारे बरेच जण तेच नाव घेतात. मग एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. तिथे बरेच लोक श्वेबिश ही बोली बोलतात. ‘इस्ट’चं ‘इश’ होतं, ‘फेस्ट’चं ‘फेश्ट’. भेटल्यावर ‘ग्र्युस गॉट’ म्हणतात, देवाच्या नावानं, आपल्या राम रामसारखं. वाक्याच्या शेवटी आपल्या ‘ना?’सारखा ‘गेल?’ लावतात. पुस्तकी जर्मन शिकून गेलेला माणूस पहिल्या दिवशी गोंधळतो, मीही गोंधळले होते. आणि या राज्यानं स्वतःच्या जाहिरातीत वर्षानुवर्षं एक ओळ वापरली: आम्हाला सगळं जमतं, फक्त प्रमाण जर्मन तेवढी नाही. गाड्या बनवणारं श्रीमंत राज्य, आपली बोली असं मिरवतं. तुमचे म्हातारे रुग्ण तिथे बोलीतच कण्हतील. घरी एक भाषा आणि पुस्तकात दुसरी, हे ज्या बाईला जन्मापासून ठाऊक आहे ती तिथे लवकर रुळेल, असं मला मनापासून वाटतं.

वेळेबद्दल स्पष्ट बोलते. नर्सच्या पूर्ण मान्यतेसाठी साधारण बी-२ लागते, ए-१पासून मोजली तर चौथी पायरी. तिथपर्यंत ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका धराव्यात, घरचा अभ्यास वेगळा. दुसरं काहीच न करणाऱ्याला वर्षाच्या आत जमू शकतं. तुम्हाला पाळ्या आहेत, दोन मुलं आहेत, तुम्ही अडीच वर्षं धरा. चार महिन्यांत बी-२ देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. बी-१, म्हणजे तिसऱ्या पायरीपासून गोएथे या जर्मन संस्थेच्या परीक्षेत वाचन, लेखन, ऐकणं, बोलणं हे चारही भाग सुटे देता येतात, प्रत्येकात शंभरपैकी ६० लागतात. म्हणजे वाचन आधी काढून ऐकण्याला जास्त महिने देता येतील. ए-१ला एकत्र गुण धरतात, त्यामुळे तिथे तुमचं वाचन तुम्हाला सावरेल. ए-१ परत द्या, पण दोन महिन्यांनी.

हे दोन महिने पुस्तक बाजूला ठेवा. दवाखान्यात जाता-येता कानात इयरफोन घालून डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या संथ वाचलेल्या बातम्या ऐका, फुकट आहेत, निवेदकांचे आवाज बदलतात. समजलं नाही तरी चालेल, जोर कुठे येतो तेवढं पकडा. रात्री दहा मिनिटं लांब-आखूड जोड्या, टेबलावर बोट ओढून. सकाळी आरसा. रात्रपाळीच्या दिवशी फक्त आरसा. चित्राला शब्द जोडायचे मोबाइलवरचे खेळ खेळायचे तर खेळा, पण त्याला अभ्यासात धरू नका, त्यात कान काही करत नाही. आणि दर रविवारी ‘मला’नं सुरू होणारी रुग्णाची पाच वाक्यं आधी अहिराणीत, मग मराठीत, मग जर्मनमध्ये म्हणून रेकॉर्ड करा. तिन्ही एकाच दमात, एका फाइलमध्ये. म्हणजे चाल कुठे बदलली आणि कुठे राहून गेली ते आपल्याला ऐकू येईल.

पहिली फाइल मला पाठवा. माझ्याकडे पारोळ्याची एक मुलगी आहे, तीही नर्स, बी-१च्या तयारीत. तिला बोलायला जोडीदार हवी आहे. तिच्याशी मी बोलून ठेवलंय, गुरुवारी रात्री नऊनंतर ती मोकळी असते.